मन रमलं म्हणजे विसरले का मी त्यांना?

जोडीदार गेल्यावर मनाच्या त्रासासाठी माझ्याकडे येणारी ज्येष्ठ मंडळी रडण्याबद्दल फारसं विचारत नाहीत. त्यांना छळतं ते हसणं. "परवा मी चक्क हसले हो. बरोबर आहे का हे?" मुलांची काळजी बरोबर उलटी असते: "आई अजून रडते, हे किती दिवस चालायचं?" एकाच घरातून हे दोन्ही प्रश्न आलेले मी बघितलेत. त्यातलीच ही एक हकिकत, संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. त्या शिक्षिका होत्या, म्हणून इथे त्यांना नुसतं 'बाई' म्हणते.

बाईंचं वय 64, राहायला कोल्हापूर. 58 व्या वर्षी शाळेतून निवृत्त झाल्या आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेनंतर सुटलेली चित्रकला पुन्हा हातात घेतली. जलरंग. दर शनिवारी सकाळी चार-पाच मैत्रिणी निघायच्या, कधी रंकाळा तलाव, कधी पंचगंगेचा घाट, पाऊस उघडला की पन्हाळा. बोर्ड मांडून बसलेल्या माणसाचं कोल्हापूरला नवल नाही. चित्रकार आबालाल रहिमानांनी रंकाळा आणि कोटितीर्थाचा परिसर रंगवला, तेव्हापासूनची या गावाची ती रीत आहे. बाईंचे यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ते स्कूटरवरून सोडायला जायचे, नऊला न्यायला यायचे आणि चित्राकडे बघून दरवेळी विचारायचे, "पाणी एवढं निळं होतं का आज?"

मार्गशीर्षात हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले.

श्रावणात एका शनिवारी मैत्रीण रिक्षा घेऊन थेट दारात आली. बाई गेल्या. रंकाळा भरलेला, तळ्यातला संध्यामठ अर्धा पाण्यात. दोन तास चित्र काढलं, भजी खाल्ली, कुणाच्या तरी बोलण्यावर पोट धरून हसल्या. घरी परतल्या तर जाऊबाई म्हणाल्या, "वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस गं." रंगांची पेटी त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली. मग झोप उडाली, जेवण दोन घासांवर आलं, मैत्रिणींचे फोन घेणं बंद झालं. पुण्याहून मुलगा आला आणि आईला घेऊन माझ्याकडे आला.

अशा वेळी मी आधी शरीराची चौकशी करते. थायरॉइड, बी-12, रक्तदाब, चालू गोळ्या. उतारवयात यातलं काहीही बिघडलं तरी उदासी येते. वयस्कांमधलं नैराश्य चाचपण्यासाठी 15 प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, तीही भरून घेतली. आणि स्पष्ट विचारलं, "त्यांच्यामागे आपणही जावं, असं मनात येतं का? तसं काही करावंसं वाटतं का?" घरच्यांना हे विचारायची भीती वाटते, विचारल्याने कल्पना डोक्यात भरेल असं वाटतं. तसं होत नाही. उलट बोलायला वाट मिळते. बाई म्हणाल्या, "जावंसं नाही वाटत मॅडम. जगावंसं वाटतं, त्याचीच लाज वाटते."

सगळं उत्तर या वाक्यात होतं. नैराश्यात कशातच जीव लागत नाही आणि आपण कुचकामी आहोत असं माणसाला वाटत राहतं. बाईंचा जीव रमत होता. त्यांना त्रास होत होता तो रमण्याच्या अपराधी भावनेचा.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी 1999 मध्ये शोकाविषयी एक मांडणी केली. ती मी बाईंना कागदावर दोन गोल काढून सांगितली. एका गोलात गेलेल्या माणसाची आठवण, रडणं, फोटो, रिकामी खुर्ची. दुसऱ्यात गॅसचा नंबर लावणं, बँक, नवी ओळख, चित्र, भजी. माणूस या दोन्हींत येऊन-जाऊन राहतो, कधी एकाच तासात. हे येणं-जाणं म्हणजेच शोक नीट चालला आहे. एकातच अडकून पडलं की त्रास वाढतो. शोकाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या क्रमाने चढायच्या, हा समज आपल्याकडे फार पसरलाय. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी 1969 मध्ये ते टप्पे मांडले, ते स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्यावरून स्वतःला मार्क देत बसू नये.

बाईंनी दोन गोलांकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "म्हणजे रंकाळ्यावर मी त्यांना सोडून गेले नव्हते?"

मी कलोपचार शिकलेली नाही, त्यामुळे चित्रांचे अर्थ लावायच्या फंदात पडले नाही. एवढंच सुचवलं, की रंग राहू देत. पेन्सिलीने त्यांच्या वस्तू काढून बघा, जमेल तेवढ्याच. पहिल्या आठवड्यात अडकित्ता आला. मग चपला. चष्मा काढताना एक काडी काढली आणि वही मिटली. तो चष्मा पूर्ण व्हायला पुढे कितीतरी दिवस गेले, पण झाला. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं पूर्वी आमच्या क्षेत्रातही शिकवलं जायचं. आता तसं मानत नाहीत. नातं टिकतं, त्याची रीत बदलते.

मैत्रिणींनी जीव लावून एक गोष्ट केली होती, जी बाईंना जड जात होती: तिला त्रास नको म्हणून यजमानांचं नावच काढायचं नाही, असं सगळ्यांनी आपसात ठरवलं होतं. बाईंना वाटे, आठ महिन्यांत माणूस पुसलाच यांनी. मी म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना. त्यांनी फोन केला, "अगं, ह्यांच्याबद्दल बोला की जरा." पुढच्या भेटीत एकीने पन्हाळ्याची गोष्ट काढली. स्कूटर बंद पडली तेव्हा ते ती उतारावरून ढकलत, गाणं म्हणत खाली आले होते. बाईंना ते ठाऊकच नव्हतं! मरणानंतरही नवऱ्याची एक नवी गोष्ट कळली, याचं त्यांना केवढं अप्रूप वाटलं.

जाऊबाईंचं मात्र मला थांबून सांगायचंय. मुलगा त्यांच्यावर चिडला होता, बोलणं बंद करायला निघाला होता. मी बाईंना विचारलं, त्यांचं काय झालं होतं? जाऊबाईंना अडतिसाव्या वर्षी वैधव्य आलं. त्यानंतर ना गजरा, ना हळदी-कुंकू, लग्नकार्यात कायम मागच्या खोलीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. आपल्याला त्याचा अभिमान वाटावा, असंच ते काम आहे. पण जाऊबाईंची उमेदीची वर्षं तोवर निघून गेली होती. त्यांच्या 'वर्ष तरी'मध्ये स्वतःची सगळी वर्षं होती. बाईंनी एका दुपारी त्यांना विचारलं, "वहिनी, तुम्हाला तेव्हा काय करावंसं वाटायचं?" दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. काय बोलल्या ते बाईंनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पेटी माळ्यावरून उतरली ती त्याच आठवड्यात.

मुलाचं म्हणणं होतं, घर बंद करून पुण्याला चला. हेतू चांगलाच होता. तरी नाइलाज नसेल तर घर विकणं, गाव सोडणं असले निर्णय पहिल्या वर्षात घेऊ नयेत, असं मी सगळ्यांनाच सांगते. माणूस गेलाय, सोबत ओटा, शेजार, वाणी, रंकाळाही जायला नको. ठरलं असं, की महिन्यातले आठ दिवस पुण्याला. सूनबाई हुशार. ती "रडू नका आई" म्हणत नाही. "बाबांना आमटी कशी लागायची?" विचारते, आणि दोघी मिळून करतात. मुलाने कारखान्याच्या पेन्शनचे कागद स्वतः हातात घेतले. 'विधवा' हा शब्द लिहावा लागतो म्हणून बाईंनी ते कपाटात कोंबून ठेवले होते.

सगळ्यांचं असं होतं असं नाही. सहा महिने, वर्ष उलटूनही ओढ तसूभर कमी होत नसेल, रोजचं जगणं ठप्प असेल, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता त्याची स्वतंत्र नोंद आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 आहे.

वर्षश्राद्धाच्या आधी बाई पुन्हा अस्वस्थ झाल्या. तिथी जवळ आली की असं होतं, म्हणून तो दिवस कसा घालवायचा हे आम्ही आधीच ठरवलं. सकाळी विधी, दुपारी पंगत, संध्याकाळी मैत्रिणी घरी. मुलाला संध्याकाळचं जरा खटकलं, पण जाऊबाई म्हणाल्या, "येऊ देत." दिवस पार पडला. त्यानंतरच्या शनिवारी बाई रंकाळ्यावर गेल्या नाहीत, दिवसभर पडून होत्या. त्याच्या पुढच्या शनिवारी गेल्या.