वेण्णाकाठी 'बर्फ पडला' की 'दहिवर पडले'?

विचारणा अशी आहे की, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पहाटे गवतावर पांढरा थर दिसला की बातम्यांत कधी 'बर्फ पडला', तर कधी 'हिमकण गोठले' असे छापून येते. यांतले बरोबर काय?

'हिमकण गोठले' हे तर सरळच चुकीचे आहे, कारण हिमकण मुळात गोठलेलाच असतो. गोठते ते दव. 'बर्फ पडला' याची अडचण निराळी आहे. 'पडणे' या क्रियापदाला मराठीत वरून खाली येण्याची अट नाही: थंडी पडते, धुके पडते, दवही पडते, आणि यांतले काहीच आभाळातून गळत नाही. पण 'बर्फ पडला' म्हटले की वाचणाऱ्यापुढे गुलमर्गचा हिमवर्षाव उभा राहतो. गंमत अशी की फारसीत 'बर्फ' म्हणजे हिमच, आणि थिजलेल्या पाण्याला तिथे 'यख' म्हणतात. मराठीत मात्र बर्फ म्हटला की आधी आठवते ती गोळेवाल्याची लादी.

हिमवर्षावातला कण ढगात जन्मतो. ढगातले बारीक थेंब शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंतही द्रवरूप राहू शकतात. त्यांत एखाद्या धूलिकणावर स्फटिक धरला की, बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब (म्हणजे त्या पृष्ठाशी समतोल राखणाऱ्या बाष्पाचा दाब) पाण्यावरच्यापेक्षा कमी असल्यामुळे, भोवतालचे थेंब आटत जातात आणि त्यांचे बाष्प थेट त्या षट्कोनी स्फटिकावर चढत राहते. गार म्हणजेही हिम नव्हे: गडगडाटी ढगातल्या ऊर्ध्वगामी झोतात असेच अतिशीत थेंब तिच्यावर आदळून थरावर थर गोठतात, म्हणून मोठी गार फोडली तर आत कांद्यासारखी पारदर्शक आणि दुधाळ वलये दिसतात.

वेण्णाकाठी तर आकाश निरभ्र असणे हीच पूर्वअट असते. वारा पडलेल्या (पुन्हा तेच क्रियापद!) अशा रात्री गवत, गाड्यांचे टप आणि बोटींच्या धक्क्यावरच्या फळ्या आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून भोवतालच्या हवेहून अधिक गार होतात, त्यामुळे छातीएवढ्या उंचीवरचा तापमापक तीन-चार अंश दाखवत असला, तरी गवताचे पाते शून्याखाली गेलेले असू शकते. आधी दव जमले आणि मग गोठले, तर पात्यावर काचेच्या मण्यांसारखे टणक थेंब बसतात. हवा कोरडी असली आणि दव धरण्याआधीच पाते शून्याखाली गेले, तर बाष्प पाणी न होताच स्फटिकरूप घेते, आणि भिंगातून पाहिल्यास पात्याच्या कडेने पांढऱ्या सुया उभ्या दिसतात.

पहिल्या प्रकाराला 'दव गोठले' हे नेमके वर्णन आहे, पण दुसऱ्याला ते लागू पडत नाही. दव आणि गोठलेले दव या दोहोंसाठी चालत आलेला 'दहिवर' हा शब्द दोन्ही प्रकार सहज सामावून घेतो आणि 'पडणे'शीही त्याचे जुने जुळते, म्हणून बातमीत मी 'दहिवर पडले' असेच लिहीन.