वर्तमानपत्राचा किंवा वाहिनीचा मालक कोण आहे, याने सामान्य वाचकाला काय फरक पडतो?

वर्तमानपत्रे पूर्वीही व्यापाऱ्यांच्याच हाती होती, मग आज उद्योगसमूहांनी माध्यमे विकत घेतली तर लोकशाहीचे नेमके काय बिघडते, असे आपण विचारले आहे. इंदूरच्या एका हिंदी दैनिकाच्या जाहिरात विभागात मी 19 वर्षे काम केले असल्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

आपल्या शंकेतला पहिला भाग खरा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातही बिर्ला, साहू जैन, गोएंका अशा घराण्यांकडे मोठी दैनिके होतीच. मात्र त्यांच्या बरोबरीने गावोगावी स्वतंत्र पत्रेही उभी होती. आमच्या इंदुरात 1947 साली निघालेल्या 'नई दुनिया'चे संपादकपद राहुल बारपुते या मराठी गृहस्थांनी दीर्घकाळ सांभाळले आणि इथल्या मराठी घरांतही ते पत्र आपलेपणाने वाचले जाई. 2012 मध्ये ते कानपूरच्या जागरण प्रकाशनकडे गेले. घेणारी कंपनी वृत्तपत्र व्यवसायातलीच होती, तरीही एका शहराच्या पत्राची मालकी शहराबाहेर गेली, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

उद्योगसमूहांचे प्रकरण याहून वेगळे आहे. 2014 मध्ये नेटवर्क 18 वर रिलायन्सचे नियंत्रण आले. एनडीटीव्हीच्या प्रवर्तकांनी 2009 साली घेतलेल्या कर्जाच्या करारातले हक्क ज्या कंपनीकडे होते, तीच अदानी समूहाने 2022 मध्ये विकत घेतली आणि पुढे वाहिनीही त्या समूहाकडे आली. तेल, दूरसंचार, बंदरे, वीज, खाणी हे सारे व्यवसाय सरकारी परवाने, लिलाव आणि नियामकांचे निर्णय यांवर चालतात. त्यामुळे अशा मालकाच्या वाहिनीने सरकारच्या निर्णयाची चिकित्सा करायची म्हटली, तर तो निर्णय मालकाच्याच ताळेबंदाशी जोडलेला असण्याचा संभव नेहमीच राहतो. सत्तेवर कोणता पक्ष आहे, याने त्यात फरक पडत नाही.

मालक फोन करून बातम्या थांबवतो, अशी अनेकांची समजूत असते. माझ्या 19 वर्षांत असा फोन आलेला मला आठवत नाही, कारण त्याची गरजच पडत नसे. दैनिकाच्या विक्रीतून त्याच्या कागदाचाही खर्च निघत नाही, बाकी सगळे जाहिराती भागवतात, आणि मोठे जाहिरातदार कोण हे डेस्कवर बसलेल्या नव्या उपसंपादकालाही महिन्याभरात कळते. एकदा एका वसाहतीच्या बांधकामाला परवानगीच नसल्याची बातमी आमच्या वार्ताहराने कागदपत्रांसह आणली. ती छापली गेली, परंतु बांधकाम व्यावसायिकाचे नाव जाऊन तिथे 'शहरातील एक विकासक' असे शब्द आले. त्याच अंकात त्याची अर्ध्या पानाची जाहिरात होती आणि ती मीच आणली होती. बातमीत खोटे काहीही नव्हते. पण त्या वसाहतीत घर घेण्यासाठी पैसे भरणाऱ्या वाचकाला जे एक नाव हवे होते, तेवढेच त्याला मिळाले नाही. ही गोष्ट मला आजही बोचते. मतदाराचे नुकसान असेच होते, आणि न छापलेले दिसत नसल्यामुळे ते त्याला जाणवतही नाही.

कायद्याने हे रोखण्याचा एक प्रयत्न झाला होता. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 साली पानांच्या प्रमाणात किंमत ठरवण्याची शिफारस केली. बड्या पत्रांनी जास्त पाने कमी किमतीत देऊन लहान पत्रांना मोडीत काढू नये, हा त्यामागचा हेतू होता. 1956 मध्ये तसा कायदाही झाला. त्याला आव्हान दिले पुण्याच्या 'सकाळ'ने, आणि न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या 1961 च्या निकालाने तो रद्द झाला, कारण पाने किंवा खप यांवर बंधन घालणे म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच बंधन घालणे होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. सरकारच्या हातात हे हत्यार न देणारा तो निकाल मला आजही योग्य वाटतो. पण पैशाच्या जोरावर चालणाऱ्या स्पर्धेपासून लहान पत्रांना संरक्षण देणारे दुसरे काही त्याच्या जागी आले नाही. उद्योगांपासून वृत्तपत्रे अलग करावीत, असे दुसऱ्या आयोगाने 1982 मध्ये सांगितले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2014 मध्ये माध्यमांच्या मालकीवर मर्यादा सुचवल्या. त्यांचा कायदा झाला नाही.

वाचकाच्या हातात काय उरते, असे आपण विचाराल. मार्चच्या सुरुवातीला दैनिकांच्या आतल्या पानावर बारीक टायपात 'फॉर्म 4' हे निवेदन छापण्याची कित्येक दशकांची रीत आहे. त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांच्यासोबत 1 टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्यांची नावे असतात. आपल्या घरी येणाऱ्या अंकात ते शोधावे, आणि त्या नावांचे इतर व्यवसाय कोणते आहेत हेही पाहावे. काही वाहिन्यांच्या संकेतस्थळांवर मालक कंपनीच्या बातमीखाली मालकीचा खुलासा करणारी एक ओळ दिसते. त्या कंपनीला परवाने देणाऱ्या मंत्रालयाच्या बातमीखालीही ती ओळ असली पाहिजे, अशी माझी मागणी आहे, आणि मी तसे संपादकांना पत्राने कळवतही असतो.