‘मला विचारलं तर मी खरं सांगेन’

प्रश्न: माझी मुलगी अकरावी-बारावीला लातूरला होती. बारावीला ८९ टक्के. यंदा दुसऱ्यांदा नीट दिली, ७२० पैकी ४३१ पडले. मुंबईचे एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात की खासगी मेडिकल कॉलेजात मॅनेजमेंटच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावतात, ती ते जमवून देतील. आधी दोन लाख द्यायचे. उरलेल्या पैशासाठी कलमांच्या बागेवर कर्ज काढायची तयारी आहे. इंटरनेटवरच्या इंग्रजी व्हिडिओंतून प्रश्न उतरवून घेतले आहेत, रोज संध्याकाळी तिची तयारी घेतो. पण ‘डॉक्टर का व्हायचंय?’ विचारलं की ती गप्प बसते. म्हणते, मला विचारलं तर मी खरं सांगेन. तिच्याकडून कोणतं उत्तर पाठ करून घ्यावं? मुलाखतीच्या दिवशी काय काय होतं? पालकांनाही आत घेतात का? आम्ही कुणबी, ओबीसी. शेती आणि छोटं दुकान आहे.
– एक पालक, राजापूर तालुका

नमस्कार.

गुण, कर्ज, मुलाखत यांच्याकडे नंतर येते. आधी तुमच्या मुलीच्या त्या वाक्याबद्दल बोलू या. एवढ्या पत्रात तिचं स्वतःचं असं ते एकच वाक्य आहे आणि तुम्ही ते अडचण म्हणून लिहिलं आहे. ती म्हणते, मी खरं सांगेन. तुम्ही लगेच मला विचारता, मग पाठ काय करून घेऊ? मधला प्रश्न राहून गेला. ते खरं काय आहे, हे तिला कुणी विचारलं का?

कदाचित तिला डॉक्टर व्हायचंच नसेल. कदाचित दोन वर्षं लातूरच्या खोलीत आणि पुढचं वर्ष रिपीटर म्हणून काढल्यावर ती इतकी थकली असेल की आता काहीच नको वाटत असेल. तो नकार नव्हे, त्याला विश्रांती लागते. आणि कदाचित तिला डॉक्टर व्हायचं आहे, पण बाग गहाण टाकून नको आहे. हे तिसरं कारण मी आपल्याकडच्या मुलींच्या तोंडून बरेचदा ऐकते. कर्जाचं बोलणं माजघरात हळू आवाजात चालतं, पण मुलीला सगळं ऐकू येतं. आजोबांनी लावलेली कलमं आपल्यामुळे जाणार, हे ओझं घेऊन ती ‘मला रुग्णांची सेवा करायची आहे’ असं इंग्रजीत कसं म्हणणार? तिचं गप्प बसणं मला उद्धटपणाचं वाटत नाही. ती खोटं बोलायला तयार नाही, एवढंच आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीत हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून पहिलं सांगणं: संध्याकाळची ती तयारी आजच बंद करा. दुसरं: तिला विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका. तुमच्याशी बोलणं जड जात असेल तर आईला, मावशीला, तिच्या शाळेतल्या एखाद्या बाईंना विचारू द्या. गणपती जवळ आलेत. मुंबईचे चाकरमानी घरी येतील आणि आरती संपायच्या आत ‘किती पडले? नंबर लागला का?’ सुरू होईल. तेव्हा तिच्या बाजूने उत्तर द्यायला तुम्ही उभे राहा. ‘अजून ठरवतोय’ एवढं पुरेसं आहे.

आता त्या मुलाखतीबद्दल. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या प्रवेशाला मुलाखत नसते. सरकारी कॉलेज असो वा खासगी, प्रवेश होतो तो नीटची गुणवत्ता, तुमचा प्रवर्ग आणि ऑनलाइन भरलेला पसंतीक्रम यांवर, राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांमधून. ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्या खासगी कॉलेजातल्या संस्थात्मक जागाही याच प्रक्रियेतून, नीटच्याच क्रमाने भरल्या जातात. अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून जातात. कुठल्याही खोलीत बसून कुणी तुमच्या मुलीचं बोलणं ऐकून जागा देणार नाही, त्यामुळे ‘जमवून देणं’ ही गोष्टच अस्तित्वात नाही. जागेसाठी ठरलेल्या शुल्काबाहेर पैसे घेणं हा महाराष्ट्रात १९८७च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. दिला असेल तर लेखी परत मागा.

तुम्ही पाहिलेले व्हिडिओ खोटे नाहीत, ते दुसऱ्या देशांचे आहेत. अमेरिकेत आधी पदवी घेऊन मग मेडिकलला जातात, आणि कॉलेजं निवडक उमेदवारांना मुलाखतीला बोलावतात. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातून आलेल्या पद्धतीत उमेदवार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटांत एखाद्या प्रसंगावर बोलतो. तिथेही पाठ केलेलं उत्तर पटकन ओळखू येतं. आपल्याकडे खरी मुलाखत आहे ती पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. नीटनंतर निवडलेल्यांना बोलावून इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मंडळासमोर ५० गुणांची मुलाखत आणि कडक वैद्यकीय तपासणी होते. पुढे सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत जाणं बंधनकारक असतं. तिथेही पालकांना आत घेत नाहीत.

कर्जाचा विचार करण्याआधी हे वाचा. २०२४-२५पासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कॅपमधून मिळालेल्या खासगी कॉलेजातल्या जागेलाही ते लागू आहे. मॅनेजमेंट किंवा संस्थात्मक कोट्यातल्या जागेला आणि अभिमत विद्यापीठांना मात्र नाही. म्हणजे तुम्ही ज्या वाटेने बाग गहाण टाकायला निघालात, त्याच वाटेवर ही सवलत मिळत नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च राहतोच, तो धरून चाला.

कॉलेजात जायचा दिवस मात्र येतो. कॅपमध्ये जागा मिळाली की ठरलेल्या मुदतीत हजर व्हावं लागतं. त्या दिवशी प्रश्न विचारले जातात ते कागदांना: नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि मधल्या रिकाम्या वर्षाचं (गॅपचं) प्रतिज्ञापत्र. रांग लांब असते. मूळ कागद कॉलेजात जमा होतात, त्याआधी झेरॉक्सचे चार-पाच संच करून ठेवा. कपडे नेहमीचे, स्वच्छ. फेरी गणपतीच्या दिवसांत आली तर कोकण रेल्वेत उभं राहायलाही जागा नसते आणि महामार्ग तुंबलेला असतो. एक दिवस आधी निघा.

पण त्याहून महत्त्वाची भेट पसंतीक्रम भरण्याआधीची. आपल्या भागात आता कॉलेजं आहेत: ओरोसला सिंधुदुर्गचं शासकीय, २०२३पासून रत्नागिरीचं शासकीय, सावर्ड्याजवळ डेरवणचं आणि कुडाळ तालुक्यात पडव्याचं खासगी. यातल्या एक-दोन ठिकाणी मुलीला घेऊन जा. सकाळी नऊला पोहोचा. बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या रांगेजवळ तिला तासभर बसू द्या. सर्पदंशाचे, विंचूदंशाचे, लेप्टोचे रुग्ण इथे येतात, पावसाळ्यात तर सतत. ते वातावरण तिला ओढतं की घाबरवतं, हे तिचं तिलाच कळेल. मग वसतिगृहाजवळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली गाठा. वॉर्डात रुग्ण पुरेसे असतात का, शिक्षक वर्गावर येतात का, शवविच्छेदनाला एका टेबलावर किती मुलं उभी राहतात, इंटर्नना विद्यावेतन वेळेवर मिळतं का, हे तिने विचारायचं. तुम्ही तोवर बाहेर चहा घ्या. नवीन सरकारी कॉलेजात इमारत अर्धवट दिसेल, त्यावरून निकाल काढू नका. रुग्ण किती येतात ते बघा. सरकारी जागा घेतली तर शिक्षणानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, तेही तिला आत्ताच सांगा.

४३१ला कुठे जागा मिळेल ते फेऱ्या ठरवतील, मी आकडा सांगणार नाही. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), बीडीएस (दंतवैद्यक) याच नीटवर आहेत, बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते. दहावी-बारावीत कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, त्यामुळे आपल्याकडे ८९ टक्क्यांची मुलगी नीटमध्ये मागे राहिली की घरच्यांना तिची चूक वाटते. त्या दोन परीक्षा वेगळ्या आहेत, तिची चूक धरू नका. आणि तिने ‘मला हे नको’ असं सांगितलं तर तिसऱ्यांदा नीटला बसवू नका. काय हवं ते तिला मला लिहू दे, मी तिलाच उत्तर देईन.

एक तातडीचं. पत्रात ओबीसी लिहिलंत, पण पडताळणीचा उल्लेख नाही. जात पडताळणी प्रमाणपत्र वेळेत दाखवता आलं नाही तर आरक्षणातली जागा जाते आणि शुल्कमाफीही. प्रमाणपत्र हातात नसेल तर प्रस्ताव कुठे अडला आहे ते रत्नागिरीच्या समितीच्या कार्यालयात या आठवड्यातच जाऊन बघा. नॉन-क्रिमीलेअरची ३१ मार्चची मुदत कोणत्या वर्षाची आहे, तेही तपासा.