शेअर ४२ वरून १४ वर आलाय. तोट्यातल्या सुपरमार्केट कंपनीत आणखी पैसे घालावेत का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ४२ रुपयांच्या सरासरीने ५०० शेअर, आजचा भाव १४, किराणा आणि कपडे विकणारी साखळी, सलग चार वर्षं तोटा. तुमच्या गुंतवणूकदारांच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, कोथरूडच्या दुकानात शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, नाव मोठं आहे, कोणीतरी बडा उद्योगसमूह घेईलच. दुसरा म्हणतो, पैसे गेले समजा.

दोन्ही तट दुकानांबद्दल वाद घालतायत. तुमच्या डिमॅटमध्ये दुकान नाही, शेअर आहे. दुकानं वाचली म्हणजे शेअर वाचला असं होत नाही. आपल्याकडच्या रिटेलमध्ये हे उघड्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

विशाल रिटेलचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिली शेअरविक्री, २००७ मध्ये २७० रुपयांना आला. कर्ज काढून भराभर दुकानं उघडली, कर्ज झेपेना, आणि २०११ मध्ये व्यवसाय टीपीजी ही अमेरिकी गुंतवणूक कंपनी आणि श्रीराम समूह यांनी घेतला. 'विशाल मेगा मार्ट' ही पाटी टिकली, वाढली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ७८ रुपयांना पुन्हा बाजारात आली. पण ती वेगळी कंपनी होती. २००७ च्या आयपीओत शेअर घेतलेल्यांच्या हातात जुनी कंपनी राहिली, तीच पुढे व्ही-टू रिटेल झाली आणि तिला नवी दुकानं उभारून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलचं तर सगळ्यांच्या आठवणीत असेल. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सबरोबर २४,७१३ कोटींचा सौदा जाहीर झाला, ॲमेझॉनने हरकत घेतली, प्रकरण सिंगापूरच्या लवादापासून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तोवर गाळ्यांची भाडी थकली होती. रिलायन्सने बऱ्याच जागांचे भाडेकरार स्वतःच्या नावावर करून घेतले, त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ताबा घ्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये बँकांनी सौदा फेटाळला, जुलैमध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, २०२४ मध्ये लिक्विडेशनचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळायचा, आदेश निघाला. २०२० च्या सुरुवातीला तीनशेच्या वर असलेला शेअर पाचच्या खाली आला. बिग बझारच्या कितीतरी जागांवर आजही दुकानं चालू आहेत, फक्त पाटी बदलली आहे.

म्हणून 'कोणीतरी घेईलच' यावर माझा पहिला प्रश्न असतो: घेईल म्हणजे नक्की काय घेईल? प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांचा, हिस्सा घेऊन २५ टक्क्यांवर गेला किंवा नियंत्रण मिळवलं, तर शेअर बाजाराची नियंत्रक संस्था सेबी हिच्या नियमाप्रमाणे त्याला आणखी २६ टक्क्यांसाठी ओपन ऑफर, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर विकत घ्यायचा जाहीर प्रस्ताव, द्यावी लागते आणि तुम्हाला बाहेर पडायची वाट मिळते. पण त्याने नुसता व्यवसाय उचलला, म्हणजे दुकानं, माल आणि भाडेकरार, तर पैसे कंपनीत येतात आणि तिथून आधी बँकांकडे जातात. तुमच्या हातात रिकामी कंपनी उरते. अडचणीतल्या कंपनीत घेणाऱ्याला जुनी देणी नको असतात, त्यामुळे दुसरा मार्गच जास्त सोयीचा असतो. आणि प्रकरण दिवाळखोरी कायद्यात गेलं, तर कलम ५३ ची रांग ठरलेली आहे: प्रक्रियेचा खर्च, तारण असलेल्या बँका आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी, मग इतर कर्मचारी, बिनतारण कर्जदार, सरकारी देणी, बाकीचे पुरवठादार, प्रेफरन्स शेअरवाले आणि सगळ्यात शेवटी आपण.

आता तुमच्या कंपनीचे आकडे. ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त फिरणारं वाक्य म्हणजे 'एबिटा पॉझिटिव्ह झाला'. एबिटा म्हणजे व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा नफा. रिटेलमध्ये हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हे भाडेकरारांच्या हिशेबाचं मानक लागू झालं आणि दुकानांचं बहुतेक भाडं 'भाडं' म्हणून खर्चात दिसेनासं झालं. ते घसारा आणि व्याज या दोन ओळींत विभागलं जातं, आणि एबिटा या दोन्हींच्या आधीचा आकडा असतो. म्हणजे गाळेमालकाला दर महिन्याला जाणारा पैसा एबिटातून गायब! तो शोधायचा तर कॅश फ्लो स्टेटमेंट उघडा, फायनान्सिंगच्या भागात खाली जा. तिथे लीज लायबिलिटीची (भाडेकरारांच्या देण्याची) परतफेड आणि त्यावरचं व्याज मिळेल. समजा जाहीर एबिटा ६० कोटी आहे, लीजचं मुद्दल ५५ कोटी आणि त्यावरचं व्याज २५ कोटी. खरं चित्र उणे २० कोटी. बँकेचं व्याज याच्यानंतर. कॅश फ्लो सहामाहीला येतो, त्यामुळे सप्टेंबर आणि मार्चचे निकालच नीट वाचा, मधल्या दोन तिमाह्यांवरून फार काही ठरवू नका.

भाडं इतकं का मारतं, ते एका दुकानावर बघा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. ३,००० चौरस फुटांचं दुकान, भाडं फुटाला १२० रुपये, म्हणजे महिन्याला ३ लाख ६० हजार. विक्री फुटाला १,५०० रुपये, म्हणजे ४५ लाख. किराणा जास्त आणि कपडे कमी असं मिश्रण धरून ढोबळ नफा (विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा जाता उरलेला) १८ टक्के, म्हणजे ८ लाख १० हजार. अठरा माणसं १८ हजारांप्रमाणे ३ लाख २४ हजार, वीज-देखभाल एक लाख. भाडं, पगार, वीज मिळून ७ लाख ८४ हजार. उरले २६ हजार. चोरी, उंदीर, एक्सपायरी यांत विक्रीच्या पाऊण टक्का गेला तरी जवळपास ३४ हजार होतात, म्हणजे गोदाम आणि हेड ऑफिसचा खर्च धरण्याआधीच दुकान तोट्यात. आता विक्री २० टक्के वाढवा: हेच दुकान नासधूस धरण्याआधी १ लाख ८८ हजार सोडतं. २० टक्के घटवा: १ लाख ३६ हजारांचा खड्डा. खर्च जागचा हलत नाही, म्हणून थोडीशी विक्री पडली की सगळं कोसळतं. डीमार्टशी तुलना करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: त्यांचा ढोबळ नफा १५ टक्क्यांच्या आसपासच असतो, पण बहुतेक जागा स्वतःच्या आहेत आणि माल साधारण महिनाभरात फिरतो. 'पुढचा डीमार्ट' हे भाड्याच्या गाळ्यांवर आणि कर्जाच्या पैशावर होत नाही.

आणि विक्री पडते ती बहुतेकदा गिऱ्हाईक रुसल्यामुळे नाही, माल नसल्यामुळे. वितरकाचे पैसे थकले की तो आधी उधारी कमी करतो, मग रोखीशिवाय माल देत नाही. हे बॅलन्स शीटमध्ये दिसायच्या आधी फळीवर दिसतं, आणि पुण्यात राहून तुम्हाला ते फुकट बघता येतं. शनिवारच्या गर्दीवर जाऊ नका. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी सातला जा, एका नाही, कोथरूड, हडपसर, पिंपरी अशा तीन-चार दुकानांत. तूरडाळ, साखर, गोडेतेल, आटा, कपड्यांचा साबण या रोजच्या वस्तूंचे दोन-तीन नामवंत ब्रँड आहेत का बघा. फळी भरलेली दिसली तर हात मागे घालून बघा. माल कमी असला की पाकिटं पुढच्या कडेला एकाच ओळीत उभी करतात, मागे मोकळं असतं. एकाच स्वस्त वस्तूने किंवा घरच्या ब्रँडने आख्खा रॅक व्यापला असेल, तर बाकीच्यांनी पुरवठा थांबवल्याची शक्यता मोठी. बिस्किटं, तयार पीठं यांच्या तारखा वाचा. दुकान उघडल्यावर एक साबण घ्या आणि रात्री त्याच काउंटरवरून दुसरा. नंबर काउंटरवार चढत असतील तर दोन बिलांच्या नंबरांतला फरक म्हणजे त्या काउंटरची दिवसभरातली बिलं. कपड्यांच्या मजल्यावर मागच्या दिवाळीचा माल अजून लटकतोय का, हेही बघा. जुने कपडे ताळेबंदात बऱ्याचदा खरेदीच्या किमतीला धरलेले असतात, विकायला काढले की अर्ध्यानेही जात नाहीत.

हाच ताण कागदावर मोजायचा तर ट्रेड पेएबल्स (पुरवठादारांची देणी) भागिले वर्षाची खरेदी, गुणिले ३६५. ४५ दिवसांचे ९० झाले, तर पुरवठादारांच्या पैशावर गाडा चालू आहे. त्याहून वाईट म्हणजे ९० चे अचानक ४० होणं आणि त्याच वेळी विक्रीही पडणं. ग्रुपमध्ये कोणीतरी 'देणी कमी झाली' म्हणून आनंद मानेल. त्याचा अर्थ बहुधा उधारीच बंद झाली, असा असतो.

वार्षिक अहवालात अध्यक्षांचं निवेदन सोडून द्या, थेट ऑडिटरच्या अहवालावर जा. 'गोइंग कन्सर्न'बद्दल 'मटेरियल अनसर्टन्टी', म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का याची मोठी शंका, असा वेगळा मथळा आहे का? मग कारो २०२० चं परिशिष्ट काढा; ऑडिटरने कोणत्या बाबींवर मत द्यायचंच, हे सांगणारा हा सरकारी आदेश आहे. त्यात चार कलमं वाचलीत तरी पुरे: (ii)(b) मध्ये बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि वह्या जुळतात का, (ix) मध्ये कर्ज थकलंय का, (xvii) मध्ये रोखीचा तोटा किती, आणि (xix) मध्ये वर्षभरातली देणी देता येतील का. जुळत नसलेलं स्टॉक स्टेटमेंट मला तोट्यापेक्षा जास्त घाबरवतं. तोटा धंद्याचा असू शकतो, हे मालाच्या खरेपणाबद्दल असतं.

'प्रवर्तक जमीन विकून कर्ज फेडणार' या चर्चेचं उत्तरही शोधता येतं. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा बघतो, तसा कंपनीवरचा बोजा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर 'इंडेक्स ऑफ चार्जेस'मध्ये दिसतो. जमीन आधीच बँकेकडे गहाण असेल तर ती विकून तुमच्या वाट्याला काही येत नाही, कर्ज तेवढं हलकं होतं. शिवाय जमीन कंपनीच्या नावावर आहे की प्रवर्तकाच्या खासगी कंपनीच्या, हे नक्की बघा. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत शेअरहोल्डिंग पॅटर्न येतो, त्यात प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत तेही दिसतं. प्रवर्तकांनी वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचे हक्क) घेतली असतील तर २५ टक्केच आधी भरावे लागतात, उरलेले १८ महिन्यांत. उरलेले भरले का? न भरता वॉरंट सोडून दिली असतील, तर ज्याला आतलं सगळं माहीत आहे तोच पुढचे पैसे घालायला तयार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, ॲव्हरेज करण्याचा. तुमचे २१,००० गुंतले आहेत. सरासरी ४२ वरून २१ वर आणायला १४ च्या भावाने १,५०० शेअर घ्यावे लागतील, म्हणजे आणखी २१,०००. रक्कम दुप्पट झाली, आणि तरीही मुद्दल सुटायला भाव ५० टक्के वाढायला हवा. सरासरी कमी झाल्याने कंपनीचं काहीच बदललेलं नसतं. मी तुमच्या जागी असतो तर एक रुपयाही वाढवला नसता, निदान लीज वजा करून दोन सहामाह्या ओळीने पैसा उरलेला दिसेपर्यंत. तेव्हा भाव २० असेल, असू दे. सहा रुपये जास्त देऊन खात्री घेणं या कंपनीत स्वस्त आहे.

राइट्स इश्यू आला, म्हणजे कंपनीने जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ केले, तर गप्प बसू नका. डिमॅटमध्ये राइट्स एंटायटलमेंट, म्हणजे ते शेअर घेण्याचे हक्क, जमा होतील. पैसे भरायचे नसतील तर त्या बाजारात विका, आणि ती विक्री इश्यू संपण्याच्या काही दिवस आधीच बंद होते. दोन्ही केलं नाही तर हक्क बुडतो आणि हिस्साही पातळ होतो.

विकायचं ठरलं तर 'थोडा वर आला की विकू' यातला धोका समजून घ्या. असे शेअर एएसएम, जीएसएम या शेअर बाजाराच्या खास देखरेखीत किंवा ट्रेड-टू-ट्रेडमध्ये (जिथे प्रत्येक व्यवहाराची डिलिव्हरी सक्तीची असते) गेले की ५ टक्क्यांचं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव हलण्याची मर्यादा, लागू शकतं. वाईट बातमी आली की रोज खालचं सर्किट, खरेदीदार नाही. १४ चा भाव दहा दिवसांत ८ रुपये ३८ पैशांवर येतो आणि त्या दहा दिवसांत तुमची ऑर्डर रांगेत पडून राहते. म्हणून निम्मे आत्ता, निम्मे सप्टेंबरच्या निकालानंतर असं केलंत तरी चालेल. ते निकाल १४ नोव्हेंबरपर्यंत यायला हवेत. लांबले, तर कारण वाचायची वाट न बघता उरलेले विका.

वर्षापेक्षा जुने शेअर असतील तर होणारा १४,००० चा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो, वर्षाच्या आतले असतील तर दोन्ही प्रकारच्या नफ्यातून. रिटर्न मुदतीत भरलं तर तो आठ वर्षं पुढे नेता येतो. पण त्यासाठी व्यवहार चालू असताना एक्स्चेंजवर विकलेल्याची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली व्यवहाराची पावती) हवी. ट्रेडिंग बंद पडून शेअर नुसता डिमॅटमध्ये अडकला, तर हाच तोटा आयकर खात्यापुढे सिद्ध करणं फार किचकट होतं.