हात धुणे थांबत नाही, कोणाकडे जावे?

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची असून बँकेच्या परीक्षांची तयारी करते. गेल्या वर्षभरापासून ती सतत हात धुते, इतके की बोटांची कातडी सोलवटली आहे, आणि रात्री झोपण्यापूर्वी गॅसचे बटण बंद आहे ना, हे मला पुनःपुन्हा विचारते. आमच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांचे नाव सुचवले. नातेवाईक मात्र म्हणतात की समुपदेशकाकडे न्या, गोळ्यांची सवय लागेल. कोणाचे ऐकावे?
– एक आई, सातारा

उत्तर : ही लक्षणे मंत्रचळाशी, म्हणजे ओसीडीशी जुळणारी आहेत; या आजारात नकोशी शंका पुनःपुन्हा मनात येते आणि ती शमवण्यासाठी तीच कृती वारंवार केली जाते. पत्रावरून निदान करणे योग्य नाही, म्हणूनच पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांची घ्यावी, हा तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला पटतो. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधाची गरज आहे की नाही, हे तेच ठरवू शकतात. या आजारात सहसा दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला अनेकदा ८ ते १२ आठवडे लागतात आणि ती परस्पर बंद करायची नसतात.

औषधाइतकेच, सौम्य आजारात कधी कधी त्याहूनही अधिक महत्त्व मानसोपचाराच्या पद्धतीला आहे, आणि निवड चुकते ती बहुधा इथेच. परीक्षेचा ताण, वियोगाचे दुःख किंवा घरातील बेबनाव यांत चांगला समुपदेशक मोठा आधार देतो. परंतु मंत्रचळात नुसती समजूत काढल्याने घटकाभर बरे वाटते आणि शंका पुन्हा डोके वर काढते. येथे ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ ही पद्धत लागते : ज्याची भीती वाटते त्या वस्तूला मुलगी टप्प्याटप्प्याने हात लावते आणि अस्वस्थता वाटत असूनही ठरलेला वेळ हात धुण्याचे टाळते. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधे न देता मानसोपचार करणारे तज्ज्ञ) शोधावेत आणि वेळ घेतानाच विचारावे : मंत्रचळासाठी ही पद्धत तुम्ही वापरता का, घरी करायचा सराव देता का, कुटुंबीयांना सहभागी करून घेता का? ‘बोलून मन मोकळे होईल’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरे नाव शोधण्यात संकोच करू नका.

खर्चाची अडचण असल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करावी. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते, आणि तेही मराठीतून.

गॅसबद्दल तुम्ही रोज देत असलेली खात्री मायेपोटी असली, तरी ती आजाराला खतपाणी घालते. ती एकदम बंद करून मुलीला एकटे पाडू नका. ती कशी कमी करत न्यायची, हे पहिल्याच भेटीत मुलीच्या समोर तज्ज्ञांना विचारा.