धावपटू जिंकला की सगळा देश एक होतो म्हणतात. खरं आहे का, आणि ते किती दिवस टिकतं?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे: "क्रिकेटच्या वेळी दिसते तशी एकी आपल्याकडे पळण्याच्या शर्यतींत का दिसत नाही?" तिचं उत्तर आधी देऊन मोकळा होतो. आपण शर्यत बघतच नाही, निकाल बघतो. मानकापूरच्या क्रीडा संकुलात एखाद्या राज्यस्तरीय स्पर्धेला जाऊन या. प्रेक्षकांत खेळाडूंचे आईबाप, दोन प्रशिक्षक आणि चहावाला. झालं. आता बाकीचं.

मी नागपूरचा. शिकत असताना तीन हजार मीटर स्टीपलचेस पळायचो. साडेसात फेऱ्या, अठ्ठावीस अडथळे, सात वेळा पाण्यावरची उडी. हर्डल्सचा अडथळा पाय लागला की पडतो. आमचा पडत नाही, तुम्ही पडता. रेशीमबागच्या मैदानावर दोन ड्रमवर सागाची बल्ली टाकून मी आणि एक मित्र सराव करायचो. पाण्याच्या उडीची सोय नव्हती, म्हणून मोहल्ल्यातली मोठी नाली. उन्हाळ्यात नाली कोरडी पडली की सराव बंद. मोठ्या भावाने एकदा ते बघितलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात या शर्यतीचं नाव पडलं 'नाली उडी'. पाहुणे आले की भाऊ ओळख करून द्यायचा, "हा आमचा लहाना. नाली उडतो."

१९९५ साली विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आणि बँकेच्या क्लार्कची परीक्षा एकाच रविवारी आली. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, घर भाऊ चालवत होता. मी म्हटलं, मला देशासाठी पळायचं आहे. वय एकवीस, त्या वयात माणूस असं बोलतो. भाऊ जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "काहून बे, देश तुले ओळखते का?" मी परीक्षेला गेलो. पास झालो. आज बत्तीस वर्षांची नाही पण तीसच्या आसपास नोकरी झाली आहे, घर आहे, पोरगी इंजिनिअर झाली. भाऊ बरोबर होता. खुपतं ते हेच.

आता २०२३. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. २२ सप्टेंबरच्या रात्री नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि पहाटे नाग नदीच्या काठची घरं पाण्यात गेली. मोरभवनच्या स्टँडवर बसेस बुडाल्या. भावाचं घर अंबाझरीच्या खालच्या अंगाला, तळमजला. फ्रिज, दिवाण, गहू, वहिनीची पितळी भांडी, सगळ्यांवर गुडघाभर गाळ. आम्ही आठ दिवस तो उपसत होतो. १ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, देशभर 'एक तारीख, एक तास' अशी स्वच्छता मोहीम होती. झाडू घेतलेल्या लोकांचे फोटो मोबाइलवर येत होते. भाऊ फावडं टेकवून म्हणाला, "यायले म्हना इकडे या, आमच्याकडे तासाचा हिशोबच नाही."

त्याच दिवशी दुपार कलल्यावर चीनमध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, अविनाश साबळेची स्टीपलचेसची शर्यत होती. मी हात धुतले आणि मोबाइल पाण्याच्या टाकीवर विटेला टेकवून ठेवला. बघणारा मी एकटा. बाकीच्यांना काही देणंघेणं नव्हतं.

इथेच लांब पल्ल्याची गंमत आहे. शंभर मीटर दहा सेकंदांत संपते, कोणाला हाक मारून बोलवायलासुद्धा वेळ नसतो. ही आठ मिनिटं चालते. पहिल्या मिनिटाला मी एकटा होतो. साबळे सुरुवातीलाच पुढे निघाला आणि बाकीच्यांना सोडून जायला लागला, तेव्हा मी काहीतरी ओरडलो असणार, कारण गाळ उचलायला आणलेला छिंदवाड्याकडचा पोरगा घमेलं घेऊन तिथेच थांबला. "कौन है, भैया?" मी म्हटलं फौजी आहे, सियाचीनला राहून आलेला. त्याने घमेलं खाली ठेवलं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

वहिनी दारात आली. माहेर माजलगावचं, म्हणजे बीड जिल्हा. आमच्या घरात येऊन तिला सव्वीस वर्षं झाली आणि त्यातला एक दिवस असा गेला नसेल की तिच्या 'हाय' आणि 'न्हाई'वर कोणी हसलं नाही. मीही हसलो आहे, लिहून ठेवतो. पडद्यावर नाव आलं, मी म्हटलं आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा आहे, आईवडील वीटभट्टीवर राबले, हा सहा-सहा किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचा. वहिनी म्हणाली, "म्हंजी आमच्या बीडचं लेकरू हाय." आणि भावाकडे बघून पुन्हा म्हणाली, "बीडचं."

मग शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. निवृत्त हवालदार, महार रेजिमेंट. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली ही रेजिमेंट उभी राहिली, ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा सांगतातच. आज तिच्यात सगळ्या प्रांतांचे जवान असतात हेही सांगतात. साबळे ५ महारचा, म्हणजे याच रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीचा. काकांना ते माहीत होतं, मला वाटतं त्या गल्लीत माझ्याखेरीज फक्त त्यांनाच साबळे माहीत होता. तेही येऊन उभे राहिले, गमबूट घालून, सावधानमध्ये म्हणावं तसे.

शर्यतीत चुरस अशी नव्हतीच. शेवटी त्याने मागे वळून बघितलं तर मागे जवळपास कोणी नाही. रेषा ओलांडायच्या आधीच हात वर. ८ मिनिटं १९.५० सेकंद, आशियाई स्पर्धेचा विक्रम. दुसरा आणि तिसरा जपानचा. या शर्यतीत आशियाई सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. काका हळू आवाजात म्हणाले, "बोलो हिंदुस्तान की जय." ती त्यांच्या रेजिमेंटची युद्धघोषणा आहे, आपण पंधरा ऑगस्टला देतो तसली ती घोषणा नाही. छिंदवाड्याच्या पोराने मोठ्याने "जय" म्हटलं.

आणि भाऊ? भाऊ कट्टर विदर्भवादी. वेगळ्या विदर्भाच्या मोर्चात लाठी खाल्लेला. 'महाराष्ट्राचा पोरगा जिंकला' हे शब्द त्याच्या तोंडून निघणं शक्य नाही, आणि 'बीडचा' म्हणावं तर वहिनी उद्यापासून डोक्यावर बसेल. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "इंडियाचा आहे म्हना ना सरळ."

मी तेव्हा हसलो, पण तुमचा प्रश्न वाचला आणि मला तेच वाक्य आठवलं. पुस्तकात लिहितात की अशा वेळी लोक जात, प्रांत, भाषा विसरतात. त्या अंगणात कोणी काही विसरलं नव्हतं. वहिनीला बीड आठवलं, काकांना पलटण, त्या पोराला फौज, मला रेशीमबागची बल्ली. प्रत्येकाने आपल्या दोरीने त्याला स्वतःकडे ओढलं, आणि पाच दोऱ्या एकाच माणसाला बांधल्यामुळे आम्ही पाच जण थोडा वेळ एका जागी आलो. भावाकडे ओढायला जवळची दोरी नव्हती म्हणून त्याने सर्वात लांबची घेतली. देशाचा अभिमान कधीकधी असाही येतो, बाकी सगळीकडे भांडण करून ठेवल्यामुळे. माझी ही व्याख्या शाळेच्या भाषणात चालणार नाही, पण मला ती खरी वाटते.

किती टिकलं म्हणाल तर साधारण चहा होईपर्यंत. चहा झाल्यावर काकांनी विषय काढला की तुमच्या कुंपणाच्या भिंतीमुळे पाणी आमच्याकडे वळलं, आणि भाऊ म्हणाला भिंत आधीपासून आहे. ते भांडण आजही चालू आहे.

इतिहासातली उदाहरणं द्यायची तर पुष्कळ आहेत, पण ती गोड नाहीत. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले पळाले, एकोणिसावे आले. देश तेव्हा इंग्रजांचा. आज त्यांचं नाव किती मराठी घरांत ठाऊक आहे? १९३६ला बर्लिनमध्ये कोरियाचा सोन की-चुंग मॅरेथॉन जिंकला, पण छातीवर जपानचा सूर्य, कारण कोरिया जपानच्या ताब्यात. पदक घेताना तो मान खाली घालून उभा राहिला आणि हातातल्या रोपट्याने छातीवरचं चिन्ह झाकलं. कोरियातल्या एका दैनिकाने छायाचित्रातून ते चिन्ह पुसून टाकलं म्हणून त्या दैनिकावर बंदी आली. १९८८ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये तोच म्हातारा मशाल घेऊन मैदानात आला. धावपटूमुळे देश एक होतो याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही, आणि त्या शर्यतीच्या दिवशी पदकतालिकेत त्याच्या देशाचं नावही नव्हतं.

म्हणून 'देशाचं नाव काढलं' एवढंच म्हणून जे थांबतात त्यांचा मला राग येतो. नाव काढण्याआधी तो माणूस कुठे होता? साबळेला सैन्याने पोसलं, सैन्यात गेला म्हणून तो धावपटू झाला. आपल्याकडे पहाटे मैदानावर जी पोरं पळतात त्यांतली दहांतली नऊ पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी पळतात. वीस गुण असतात त्याला. भरती झाली की पळणं बंद, नाही झाली तरी वयाने बंद. त्यांना कोणी देश वगैरे सांगू नये. त्यांना नोकरी द्या, मग देश आपोआप सुचेल. माझा भाऊ हे वाचेल तर म्हणेल, मी १९९५ला दुसरं काय म्हणत होतो? तर त्याला उत्तर: तू परीक्षा दे म्हणालास ते बरोबर. पण परीक्षा संपल्यावर पुढच्या वर्षी चाचणी होतीच की. तेव्हा तू पेटीतले माझे स्पाइक्स चुलतभावाला देऊन टाकलेस. न विचारता. त्याच्या पायात ते बसतही नव्हते.

असो. हे सगळं एका अंगणातलं आहे. त्याच संध्याकाळी शेजारच्या लेआउटमध्ये कोणाला साबळेचा पत्ताही नसेल. 'दहांतली नऊ' हा आकडाही मोजलेला नाही, पहाटे चालायला जातो तेव्हा जे दिसतं त्यावरून म्हटलं. आणि त्या दिवशी तो चौथा आला असता तर वहिनी 'बीडचं लेकरू' म्हणाली असती का? खात्री नाही. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली केनियाच्या धावपटूमागे तो अवघ्या पाच शतांश सेकंदाने राहिला होता. त्याआधी १९९८ ते २०१८ सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेलेली. माझ्या मते ते रुपेरी पदक हांगझोऊच्या सोन्यापेक्षा मोठं, पण आमच्या घरी त्या दिवशी त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

तुम्ही 'किती दिवस' विचारलंत, तर एक आकडा माझ्याकडे आहे, सव्वादहा महिने. पॅरिसची ऑलिंपिक फायनल आपल्याकडे ८ ऑगस्ट २०२४ला रात्री एकनंतर होती. मी एकटाच बघत बसलो. या शर्यतीच्या ऑलिंपिक फायनलमध्ये पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. सकाळी सहाला फोन वाजला. भाऊ.

"काय झालं बे त्या नाली उडीचं?"

"अकरावा."

"किती जनं होते?"

"सोळाएक."

"सगळे केनियाचेच असतीन."

"नाही रे. सोनं मोरोक्कोला गेलं."

"हं." मग जरा थांबून, "झोपला नसशीन तू. बँकेत जाऊन झोपू नको."