समोरच्या अंगणातली आयशर

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला रो-हाउसमध्ये राहतो, वीसेक वर्षं झाली. समोरच्या घरातल्या भाऊंची अंबडच्या कंपनीतली नोकरी सुटली आणि गेल्या वर्षी त्यांनी कर्ज काढून १७ फुटी आयशर घेतली. ती ते अंगणात लावतात, पण मावत नाही. मागचा भाग गल्लीत येतो. द्राक्षांचा हंगाम सुरू झाल्यापासून रोज पहाटे चारला गाडी सुरू होते, पंधरा मिनिटं घरघरते, मग रिव्हर्स घेताना ते पीं-पीं. सासरे ८१ वर्षांचे, दम्याचे पेशंट. पावसाळ्यात गाडीखाली ड्रेनेजचा ढापा फुटला, तो आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून बदलला. एकदा बोलायला गेलो तर म्हणाले, 'माझ्या जागेत माझी गाडी, तुम्हाला काय त्रास?' तेव्हापासून बोलणं बंद. त्यांच्या मिसेस माझी चांगली मैत्रीण, पण यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला बोलावलं नाही. आमचे हे म्हणतात, व्हिडिओ काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकू, आरटीओला कळवू. मुलगा म्हणतो, एक दिवस चाकांतली हवाच सोडतो. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कमान उभारायचंही चाललंय. सुशिक्षित लोकांच्या कॉलनीत ट्रक शोभतो का, तुम्हीच सांगा. (आमची कार बाहेर भिंतीलगत असते, शेजारी थोड्या कुंड्या आहेत, पण त्या कुणाला आडव्या येत नाहीत.) काय करू?
— त्रासलेली वाचक, इंदिरानगर

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात घातलीय. तिच्याकडे येते. आधी एक काम, जे आजच संध्याकाळी उरकायचं आहे. समोरच्या घरातला मोबाइल नंबर तुमच्या तिघांच्याही फोनमध्ये चालू आहे ना, ते बघा. रात्री-अपरात्री सासऱ्यांसाठी १०८ बोलवावी लागली तर गाडी कोण बाजूला घेणार आणि किल्ली कुठे असते, एवढंच त्यांना विचारा. भांडण चालू असलं तरी हे विचारता येतं. दम्याच्या माणसासाठी विचारलं तर कुणी तोंडावर दार लावत नाही. सासऱ्यांची खोली गल्लीच्या बाजूला असेल तर हंगामापुरती त्यांना मागची खोली द्या. 'आम्हीच का हलायचं?' असं मनात येईल, ते मला कळतं. तरीही द्या.

आता पहाटे चारचं. त्रास खरा आहे आणि कायदाही तो मानतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि अगदी आणीबाणी सोडली तर हॉर्न वाजवायला मनाई आहे. पण पहाटे चारला डेसिबल मोजायचं यंत्र घेऊन कुणी तुमच्या गल्लीत येईल अशी आशा धरू नका. त्यापेक्षा गाडी पंधरा मिनिटं का घरघरते ते समजून घ्या. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवेचा पुरेसा दाब झाल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, म्हणून इंजिन चालू ठेवून हवा भरू द्यावी लागते. पण रात्रभर हवा धरून ठेवणारी गाडी काही मिनिटांत निघते. रोज पंधरा मिनिटं लागत असतील तर कुठल्या तरी पाइपातून हवा उतरतेय, नाहीतर भाऊ इंजिन गरम होईपर्यंत आत चहा पितायत. पहिल्यावर मेकॅनिक उपाय करील, दुसऱ्यावर वहिनी. 'रोज आवाज करता' असं म्हणाल तर उत्तर येईल, 'मग गाडी ढकलत नेऊ का?' 'भाऊ, हवा उतरते का हो गाडीची?' असं विचाराल तर संभाषण सुरू होईल. शिवाय ब्रेकची हवा गळणं त्यांच्या स्वतःच्या जिवाशीही खेळ आहे.

पीं-पींचं आणखी सोपं आहे. ते गाडी तोंडानं आत घालतात, म्हणून पहाटे रिव्हर्सनं बाहेर यावं लागतं. संध्याकाळी सातला, सगळी गल्ली जागी असताना, त्यांनी गाडी मागे घेत अंगणात लावली तर पहाटे ती सरळ पुढे निघेल. मग ते का तशी लावत नाहीत?

इथे तुमचा कंस येतो.

१७ फुटी आयशर म्हणजे मागचा हौदा १७ फुटांचा. केबिन धरून गाडी २२-२३ फुटांच्या घरात जाते. इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा या पट्ट्यातल्या जुन्या रो-हाउसची पुढची मार्जिन, म्हणजे घरापुढची मोकळी जागा, स्कूटर आणि फार तर एका मारुतीच्या हिशेबानं सोडलेली असते. त्यांचं अंगण १८ फूट धरलं तर गाडी चार-पाच फूट गल्लीत येणारच. गल्ली २० फुटांची असेल तर उरले १५. तुमची कार भिंतीलगत सहा फूट खाते. कुंड्या कारच्या पुढे-मागे आहेत की बाहेरच्या अंगाला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाहेरच्या अंगाला असतील तर आणखी दोन फूट गेले. राहिले सात-आठ. त्यातून अँब्युलन्स जाईल, पण अंग चोरून, आणि अग्निशमनचा बंब अडकेल. माझे आकडे अंदाजाचे आहेत, म्हणून टेप घेऊन तुम्ही स्वतः मोजा. मोजल्यावर एवढं नक्की दिसेल की गल्ली दोन्ही बाजूंनी अडलेली आहे. आणि २२-२३ फुटांची गाडी मागे घेऊन अंगणात घालायला समोर वळायला जागा लागते. ती जागा तुमच्या कारनं व्यापलीय. ही कार तुमच्या अंगणात का नसते? पत्रात उत्तर नाही, पण असल्या घरांच्या पोर्चमध्ये हळूहळू झोपाळा येतो, मग वॉशिंग मशीन, मग वर पत्रे टाकून एक छोटी खोली, आणि गाडी कधी बाहेर गेली ते घरच्यांनाही आठवत नाही. तुमच्याकडे असंच झालं असेल तर झोपाळा हलवा. कार आत घ्या, कुंड्या गच्चीवर न्या आणि मगच बोलायला जा. 'आम्ही आमची बाजू मोकळी केली, आता तुमची गाडी मागून आत घेता येते का बघा,' या वाक्याला 'माझी जागा, माझी गाडी' हे उत्तर लागू पडत नाही.

त्यांचं ते उत्तर निम्मं बरोबर आहे, हेही सांगते. स्वतःच्या आवारात स्वतःची गाडी उभी करायला मोटार वाहन कायदा आड येत नाही. तुमच्या सोसायटीच्या किंवा अपार्टमेंटच्या कागदांत काही अट असेल तर गोष्ट वेगळी. पण आवाराबाहेर आलेले चार-पाच फूट त्यांचे नाहीत. तुमचं भांडण तेवढ्या चार-पाच फुटांशी आणि पहाटेच्या पंधरा मिनिटांशी आहे. ट्रक दिसतो कसा, याच्याशी नाही.

कारण 'सुशिक्षित लोकांच्या कॉलनीत ट्रक शोभतो का' हे वाक्य मला खटकलं. दिंडोरी-निफाडची द्राक्षं तोडणीच्या दिवशीच पॅकहाउसला पोचायला लागतात आणि ती कुणाच्या तरी गाडीतून, कुणाची तरी झोप मोडूनच जातात. अंबडची नोकरी सुटल्यावर घरी बसून न राहता कर्ज काढून गाडी चालवणारा माणूस कॉलनीची शोभा घालवतो, असं मला वाटत नाही. अंगणात त्याच लांबीची पांढरी कॅराव्हॅन उभी असती तर ग्रुपवर तिचे फोटो कौतुकानं फिरले असते. हे वाक्य तुम्ही त्यांच्यासमोर कधी बोलला असाल, किंवा कुणाकडून त्यांच्या कानावर गेलं असेल, तर त्या दिवशीच्या त्यांच्या तुसड्या उत्तराचं मूळ मला तिथेच दिसतं.

मग ते गाडी दुसरीकडे का लावत नाहीत, असा प्रश्न उरतोच. आडगावचं ट्रक टर्मिनस सांगायला सोपं आहे, पण इंदिरानगरहून पहाटे तीनला तिथं पोचायचं म्हणजे शहराचं दुसरं टोक. आणि एकट्या मालकाची गाडी उघड्यावर राहिली की बॅटरी जाते, डिझेल जातं, स्टेपनी जाते, ताडपत्री जाते. हप्ते चालू असलेल्या माणसाला यातलं काहीच परवडत नाही. जवळच्या हायवेवर रात्री राखणदार असलेला पेट्रोल पंप किंवा ओळखीचं गॅरेज मिळालं तर महिन्याचे थोडे पैसे देऊन काम होऊ शकतं. तुमच्या यजमानांना व्हिडिओ काढायचा उत्साह आहे ना? तो अशी जागा शोधण्यात घालवू दे. पाथर्डी फाट्याच्या आसपास दोन रविवार फिरले तर काहीतरी हाती लागेल. निदान एप्रिलपर्यंत, हंगाम असेतो.

बोलायला दुपारी जा. पहाटे गॅलरीतून ओरडून कुणाचं काही मिटलेलं नाही. यजमान आणि तुम्ही, दोघंच जा; गल्लीतली चार माणसं बरोबर घेऊन गेलात तर त्या घराला तो मोर्चा वाटेल. ढाप्याचा विषयही तेव्हाच काढा, पण जुनी वर्गणी उकरू नका. गल्लीतले साधे ढापे कारच्या वजनाचे असतात, आयशरखाली पुन्हा फुटतील. त्यांच्या फाटकासमोरच्या चेंबरवर जड वाहनांसाठीचा ढापा टाकायचा आणि जादा खर्च त्यांनी उचलायचा, हे मागणं रास्त आहे. मला वाटतं ते मान्यही होईल, कारण फुटलेल्या चेंबरमध्ये पहिलं चाक त्यांचंच जाणार.

आणि वहिनींकडे वेगळ्या जा, एकट्या. या विषयासाठी मात्र नाही. नवऱ्याला निरोप पोचवायला तिला वापरू नका. गाडी तिनं घेतलेली नाही आणि चारला उठून डबा बहुधा तीच करत असेल. हळदीकुंकवाला न बोलावणं हा तुमच्या पत्रातला एकच भाग असा आहे, जिथं त्रास दिलाय तो तुम्ही. रथसप्तमी होऊन गेली असली तर वाणाचं निमित्त शोधत बसू नका. 'यंदा तुला बोलावलं नाही, चुकलं माझं,' एवढं म्हणा आणि चहा घेऊन या.

मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा: हवा सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात एका दिवसाचं भाडं तर बुडेलच, माल खराब झाला तर त्याची भरपाईही भाऊंच्या गळ्यात पडेल. त्यानंतर तुमची बाजू कितीही खरी असली तरी ऐकायला कुणी उरणार नाही. आरटीओ नोंदणी, परवाना, फिटनेस बघतं, गल्लीतला अडथळा त्यांच्याकडे नेऊन उपयोग नाही. कमानीची कल्पना तर मोडीतच काढा. तिच्याखालून आयशर जाणार नाही, तसाच उन्हाळ्यातला पाण्याचा टँकरही जाणार नाही आणि बंबही नाही. रस्ता महापालिकेचा असेल तर परवानगीशिवाय कमान उभारताही येणार नाही.

एवढं करूनही त्यांनी ऐकलं नाही तर? मग सौजन्य पुरे. गल्ली कुणाची ते आधी काढा. मंजूर ले-आऊटमध्ये ती महापालिकेकडे वर्ग झालेली आहे की सोसायटीची सामायिक जागा आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. सार्वजनिक रस्ता असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ आहे: इतरांना धोका, अडथळा किंवा अवास्तव गैरसोय होईल अशा रीतीनं सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवता येत नाही. तक्रार शहर वाहतूक शाखेकडे करायची. हेच कलम बाहेर लावलेल्या कारलाही लागतं, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी तुमची कार आत असलेली बरी. जागा सोसायटीची असेल तर कमिटीला लेखी अर्ज द्या, विषय बैठकीत घ्यायला लावा. तिथंही अडलं तर सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, पण तिथे वर्षं जातात. तुमची मिळकत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असेल तर तो रस्ता लागू नाही. मग डिक्लरेशनची, म्हणजे त्या कायद्याखाली नोंदलेल्या दस्ताची, प्रत वाचायला वकिलाकडे जावं लागेल. रात्री वाट पूर्ण अडली आणि पेशंट न्यायचा असेल, तर यातल्या कशाचीही वाट न बघता ११२.

अर्जात गल्लीची रुंदी, गाडी किती फूट बाहेर येते आणि कोणत्या वेळी, एवढंच लिहा. शोभेचं वाक्य गाळा. दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसकट पोच घ्या.